उतरलेल्या वजनाइतका गूळ

आमच्या ह्यांनी कळंबच्या चिंतामणीला नवस केला होता, की माझं जेवढं वजन उतरेल तेवढा गूळ तुझ्या दारात वाटीन. लोक मूलबाळ व्हावं, नोकरी लागावी म्हणून नवस करतात, ह्यांनी पोट कमी व्हावं म्हणून केला. मी खूप हसले. तसे ते दिवस हसण्याचे नव्हते. ह्यांची साखर वाढली होती, गुडघे कुरकुरत होते आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी साखर आणि भूक दोन्ही उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन नुकतंच सुरू केलं होतं.

वांग्याची भाजी समोर आली की किती भाकरी पोटात गेल्या याची शुद्ध नसणारा माणूस अर्ध्या भाकरीवर ताट सरकवू लागला. लग्न झाल्यापासून मी ‘आता पुरे’ म्हणत आले होते. आता म्हणायची गरजच उरली नाही आणि मला फार बरं वाटलं. आमच्या दिग्रसच्या बाजारात लोक थांबवून चौकशी करत. काही जण कौतुक करत, तर काही माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की बाई, काही मोठं दुखणं तर लपवत नाहीस ना? मी पदर सारखा करून पुढे चालू लागायची.

ह्यांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात गेली. काट्यावर त्यांचा भारी विश्वास. घरच्या वजनकाट्यावर चढले की स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, ‘‘ये वं, गूळ वाढला पाह्य!’’

इथंच आमचं चुकत होतं. नवसामुळे उतरलेला प्रत्येक किलो देवाच्या नावावर जमा होत होता, मग वजन जितकं उतरेल तितकं ह्यांना हवंच होतं. भूक तशीही मेली होती, त्यात हे वरणालाही नको म्हणू लागले. डाळ, अंडी, दही भरपूर खा, पायांना व्यायाम द्या, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यातलं इंजेक्शन तेवढं आम्ही लक्षात ठेवलं.

नवस फेडायला चतुर्थीला गेलो. कळंबचा देव जमिनीच्या पोटात आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जायचं आणि मग तेवढ्याच चढून वर यायचं. वर दारापाशी गुळाच्या भेल्या रचल्या तेव्हा तो ढीग पाहून माझा ऊर भरून आला. एवढं ओझं ह्यांच्या अंगावरून उतरलं होतं! येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला, शेवटची भेली घेऊन हे तरातरा खाली उतरले आणि मीच मागे राहिले.

वर येताना मात्र हे अर्ध्यात थांबले. मग बसले. मांड्या थरथरत होत्या, धोतरातूनही ते दिसत होतं. मला वाटलं, दम लागला असेल. लोक बाजूनं चढून जात होते आणि हे खाली मान घालून बसले होते. मग हळूच म्हणाले, ‘‘मले उठव.’’

ह्या माणसानं आजवर मला पाणी दे, चहा टाक, असं हजार वेळा सांगितलं असेल. पण उठव कधी म्हटलं नव्हतं. मी फार घाबरले.

यवतमाळच्या डॉक्टरांनी ह्यांच्या हाताची पकड तपासली, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. उठता आलं नाही. चरबीबरोबर स्नायूही गेलेत, ते म्हणाले. घरी आल्यावर हे बराच वेळ आपल्या मांडीवर हात फिरवत बसले. मग म्हणाले, ‘‘जिनिंगमंदी मूठभर कापूस पिंजून पाह्यल्याबिगर मी एक गाडी घेतली नाही. अन् इथं नुसता काटा पाहून राह्यलो. मले वाटे सरकी चालली. रुई गेली ना वं.’’

त्या रात्री देवाच्या दारात वाटलेल्या गुळाचा ढीग मला आठवत राहिला. त्यातला पोटाचा किती आणि पायांचा किती, कोण जाणे.

नागपुरातल्या आमच्या लेकीनं कुठूनसं शोधून काढलं, की वजन उतरताना स्नायू टिकावेत म्हणून एक नवं औषध आलंय आणि तिथल्या एका दवाखान्यात त्याची चाचणी चालू आहे. आम्ही गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. औषध अजून तपासणीत आहे, कुणाला औषध मिळेल, कुणाला नुसतं पाणी, आणि स्नायू टिकले तरी ताकद टिकेलच असं अजून सांगता येत नाही.

‘‘मले पहेलवान नाही व्हायचं, बाई,’’ हे म्हणाले. ‘‘पाटावर जेवाले बसलो का आपलं आपण उठता आलं पायजे. बस.’’

डॉक्टरीणबाईंनी ह्यांचे कागद पाहिले आणि नाही म्हणून मान हलवली. ज्यांचं ते आठवड्याचं इंजेक्शन अजून सुरू व्हायचंय, अशीच माणसं त्यांना चाचणीसाठी हवी होती. ‘‘काका, हे औषध जाऊ नये म्हणून आहे. गेलेलं परत आणायला नाही,’’ त्या म्हणाल्या. ह्यांनी त्यांना हात जोडले. मला मात्र सगळ्यांचाच राग आला, त्या बाईंचा, काट्याचा आणि चिंतामणीचासुद्धा.

परतीची एसटी धरली. कळंब आलं तसे हे म्हणाले, ‘‘उतरू.’’ पायऱ्यांच्या तोंडाशी मात्र थबकले. ‘‘तू जाऊन ये. मी इथूनच पाया पडतो.’’

खाली त्या दिवशी गर्दी नव्हती. मी राग घेऊन उतरले होते, पण देवासमोर तोंडातून निघालं ते एवढंच, ‘आता उतरवू नको रे बाबा. उरलंय तेवढं राहू दे.’

वर चढताना मलाही दम लागला. दोघांत जड आता मीच आहे. शेवटच्या पायऱ्यांवर मान वर केली, तर हे कठडा धरून वाकले होते आणि दुसरा हात त्यांनी माझ्यापुढे केला होता. मी तो धरला. बोटं कशी हलकी लागली. सगळा भार मी माझ्याच गुडघ्यांवर घेतला, त्यांच्या हाताला जरासुद्धा ओढ बसू दिली नाही आणि वर आले.

‘‘पाह्यलं? ओढलं का नाही तुले?’’ हे म्हणाले.

‘‘ओढलं ना,’’ मी म्हटलं, आणि एसटी येईपर्यंत तो हात सोडला नाही.