नणंदेचं रक्त

बाय घरात शिरली की आधी चुलीपाशी जायची, झाकण उचलून आमटी चाखायची आणि कोणाला न विचारता वरून चिमूटभर मीठ टाकायची. आमटीला चव यायची, हेच मला सोसत नसे. बाय म्हणजे माझी थोरली नणंद, टोकावड्याला दिलेली. आमचं घर मुरबाडला. तिची बैलगाडी दिसली की आमचे हे शाळेच्या वह्या टाकून वेशीपर्यंत सामोरे जायचे. मी माहेराहून आले तर त्याच वह्यांतून मान वर होत नसे.

माझ्या ताराच्या बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचाच. बायनं पाळण्यात नाव सांगितलं आणि त्याच दमात जाहीर केलं, ही माझ्या सदूची बायको. भावाची पोर मागायचा तिचा हक्क, कोण बोलणार? तेव्हापासून दर सणाला सुनेसाठी काकणं यायची, परकर-पोलकं यायचं. मी मनात म्हणायची, नवरा अर्धा हिचा, लेक तर सगळीच हिची, मग माझं काय, खरकटी भांडी?

तारा आठ वर्षांची असताना तिला हिवताप चिकटला. आमच्याकडे हिवताप घरोघरी, त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण हिची पोटातली पाणथरी वाढून पोट टणक झालं, ओठ पांढरेफटक पडले, उभी केली तर कोसळायची. मोटारीनं कल्याण गाठलं, तिथून गाडीनं मुंबईचं इस्पितळ. बरोबर मी, हे, चुलत सासरे तात्या, आणि न बोलावता बाय. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलेलं नाही, दुसऱ्याचं दिलं तरच पोर वाचेल. मी लगेच हात पुढे केला. त्यांनी थेंब तपासला आणि मान हलवली. ह्यांचंही जुळेना. अहो, नऊ महिने पोटात वाढवलेली पोर, आणि तिला माझं रक्त चालत नाही! मी तिथेच भिंतीला टेकून बसले. बायचं मात्र जुळलं. तिचंच जुळायचं होतं.

तात्यांनी बायला बाजूला नेलं, पण त्यांचा आवाज असा की सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. "इचार कर गो. तुजं रगत तिच्या अंगात गेलं, का ती तुजी लेक झाली. मंग सदूची ती भन. सून नाय करता येनार." एका रक्तात लग्न नाही, ही आमची रीत, आणि तात्यांचं काही चुकतंय असं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. बारशापासून बायनं दुसरं कसलं स्वप्न पाहिलं नव्हतं.

"पोर जगली तर लेक," ती म्हणाली. "नाय जगली तर सून तरी कुटली?" आणि ती आत गेली.

तारा वाचली. गालांवर रंग आला, तसं जो तो म्हणू लागला, आत्याचं रक्त लागलं हो पोरीला. हट्ट केला तरी आत्यावर गेली, हसली तरी आत्यावर गेली. बायनं स्वतःच सदूची सोयरीक मोडली आणि येताजाता 'माझी लेक' सुरू केलं. सून म्हणत होती तेच बरं होतं. सुनेवर सासूचा हक्क असतो, पण आई तरी मीच राहिले असते.

पुन्हा इस्पितळात दाखवायला नेलं तेव्हा मी मुद्दाम डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, रक्तानं नातं बदलत नाही, आणि दिलेलं रक्त तीन-चार महिन्यांत जिरून जातं, मग पोरीचं स्वतःचंच असतं. मला कोण आनंद झाला! टोकावड्याला जाऊन मी बायला सांगून आले, लग्न हवं तर खुशाल जमवा, पण तुमचं रक्त आता तिच्यात थेंबभरही नाही. बाय तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुजं दूद तरी कुटं उरलंय गो वयनी तिच्या अंगात?"

 

पुढे बायला रक्त द्यायची चटकच लागली. त्या बाजूचं कोणी मुंबईला इस्पितळात पडलं आणि रक्त हवं झालं, की ही पदर खोचून निघायची. रक्त दिलं की माणूस खंगतो म्हणून लोक भ्यायचे. बाय बाजारात बसून बायकांना पटवायची. केस कापले तर वाढतात, नखं वाढतात, मग रगतच काय आळशी हाय? एकीला तर तिनं फक्त एवढंच सांगितलं की तिथे पेलाभर गरम दूध मिळतं. तिच्यामुळे दोघी-तिघी गेल्याही. मी गेले नाही. ती पहिली आणि मी तिच्या मागून, हे मला या जन्मी जमणारं नव्हतं.

ताराचं लग्न शहापूरला झालं. पाठवणीच्या वेळी ती आधी माझ्या गळ्यात पडली, हे मी नीट पाहून ठेवलं. आत्याच्या गळ्यातून तिला ओढून काढावं लागलं, तेही पाहिलं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन भातकापणीत, बाय दोन दिवसांच्या तापानं गेली. शहापूरला निरोप पोचला, आणि दुसऱ्या दिवशी ताराचा धाकटा दीर सायकल मारत आमच्या दारात आला. मी अंगण झाडत होते. त्याची जीभ रेटेना. शेवटी त्यानं सांगितलं, की वहिनी चुलीला शिवत नाही, देवाला शिवत नाही, कोपऱ्यात बसून आहे. आत्याचं सुतक लग्न झालेल्या भाचीला नसतं, असं सासूनं सांगितलं, तर म्हणते मी आईचं धरलंय.

"आई जित्ती असताना आईचं सुतक म्हंजे अपशकुन," तो चाचरत म्हणाला. "तुमीच सांगा तिला उठाय. तुमचा शब्द ती नाय मोडायची."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी इथे जिवंत, हातात केरसुणी घेऊन उभी, आणि माझ्या पोटची पोर आई मेली म्हणून बसलीय! उठ म्हणावं, एवढा निरोप पुरला असता. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

"बसू दे तिला," मी म्हटलं. "आई गेलीय तिची."

तो गेल्यावर मी आत जाऊन पोटभर रडले. नणंदेसाठी रडतेय असं शेजारणींना वाटलं. तेही काही अगदीच खोटं नव्हतं.