अक्का नुसती बघायची

फोनमधून मान वर न काढता अक्का लातूरच्या आमच्या वसतिगृहाचे तिन्ही मजले चढायची. जिन्यातली फुटकी पायरी तिच्या पायांना पाठ होती. डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताने वरणात भाकरी कुस्करायची, आणि कुणी चटणी मागितली तर न बघता बरोबर तीच वाटी पुढे सरकवायची. ती कानडी सीमेवरच्या उदगीरकडची, म्हणून सगळ्यांची अक्का. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं तिचं दुसरं वर्ष होतं, माझं पहिलं. मी मुखेडहून नुकतीच आलेली, सदा रडवेली. पहिल्याच संध्याकाळी तिने मला शेजारी ओढलं, एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाली, "रडतीस कशाला? हे बघ, हिचं तुझ्यापेक्षा बेकार हाय."

'ही' म्हणजे कोरियन मालिकेतली नायिका. अक्काला त्या मालिकांचा नाद होता. चहाच्या वेळी ती आम्हाला आख्खी गोष्ट आपल्या बोलीत सांगायची. "मग सासू म्हणती, माझ्या पोराचा नाद सोड, हे घे पाकीट." आम्ही विचारायचो, "तिकडं पण सासवा अशाच का गं?" "हाव, फक्त लुगडं न्हाई," ती म्हणायची. तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

नाद सुटत नाही हे तिलाही कळत होतं. रविवारच्या चाचण्यांत गुण घसरत चालले होते. एका सकाळी तिने फोन माझ्या ओटीत टाकला. "परीक्षेपर्यंत देऊ नको. पाया पडले तरी." चार वाजता ती खरोखरच पाया पडली. मला हसू आलं आणि मी फोन देऊन टाकला.

दिवाळीत ती मला दोन दिवस घरी घेऊन गेली. तिचा भाऊ नांदेडला शिकायला होता, तोही आला होता. तो सकाळपासून फोनवर गेम खेळत बसलेला, आणि आई त्याला घास भरवत होती. "हाक मारू नका, त्याची मॅच चालू हाय." तिच्या वडलांना मी काका म्हणायचे. ते म्हणायचे, "वाया गेलं बघा पोरगं," आणि त्याच्या फोनमध्ये स्वतःच रिचार्ज मारायचे. अक्काने मात्र त्या दोन दिवसांत फोन पिशवीतून बाहेर काढला नाही. तिचा हात सारखा पिशवीकडे जायचा, पण ती करंज्या भरत राहिली.

जानेवारीत काका वसतिगृहावर आले. अक्का क्लासला गेली होती. त्यांनी मला खाली बोलावलं. "बाई, खरं सांग. ती फोनवर लई असती का?"

मला वाटलं, ते रागावतील, फोन घेऊन जातील, आणि अक्का पास होईल. तिच्या भल्यासाठीच मी म्हणाले, "हाव काका, लई असते."

"कुणासंग?"

"कुणासंगच न्हाई. ती नुसती बघते."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तरी पाठीशी घालत होते. दुसऱ्या दिवशी अक्काला घरी न्यायला जीप आली.

गादी गुंडाळताना अक्का माझ्यावर चिडली नाही. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं. "तू खरंच सांगितलंस," ती म्हणाली. "पण आमच्यात पोरानं फोन बघितला तर नाद, पोरीनं बघितला तर लफडं." भावाला पुढच्या वर्षी नवा क्लास लावून दिला. हिचं लग्न उन्हाळ्यात उरकलं. मला पत्रिकाही आली नाही.

आता मी नांदेडला एका कॉलेजात शिकवते. "पोरगी फोन सोडत नाही" म्हणत पालक येतात, तेव्हा मी आधी घरात मुलगा आहे का ते विचारते, मग तो काय करतो ते. लोकांना माझा राग येतो.

एकदा खटपट करून तिच्या सासरचा नंबर मिळवला. फोन एका पुरुषाने उचलला. "ती फोन वापरत न्हाई," असं कौतुकाने सांगून त्याने तो ठेवला.

तेव्हापासून मी तिला फोनवर शोधते. तिचं माहेरचं नाव टाकते, सासरचं टाकते, उदगीर टाकते. भलत्याच बायका हसताना दिसतात. मी एकेकीचा फोटो मोठा करून बघते आणि खाली सरकते. अक्का, मी तुझ्या भल्यासाठी बोलले आणि तुझं शिक्षण घालवलं, एवढंच तुला सांगायचंय. पण तू कुठे दिसतच नाहीस.