हौदाचं झाकण

मला पोहता येत नाही. सांगलीत कृष्णेच्या काठावर वाढूनही येत नाही, आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत हे माझ्या सासुरवाडीला माहीत नव्हतं.

सासुरवाडी दुष्काळी माण तालुक्यात, दहिवडीजवळ. उन्हाळ्यात तिथं टँकर येतो आणि अंगणातला जमिनीखालचा हौद भरून जातो. त्या दुपारीही भरून गेला. झाकण मी लावीन असं मेहुण्याला वाटलं. मेहुणा लावील असं मला वाटलं. (जावयानं सासुरवाडीत कामाला हात लावायचा नसतो, अशी माझी सोयीची समजूत आहे.) आमरस खाऊन आम्ही दोघं आडवे झालो.

सासूबाईंच्या हाकेनं जाग आली. "आवं जावईबापू, मुक्ता तुमच्यापाशी हाय का?"

मुक्ता म्हणजे माझी तीन वर्षांची मुलगी. ती माझ्यापाशी नव्हती. तिच्या आईपाशी नव्हती. परसात नव्हती. धावत अंगणात आलो तर हौद उघडा, आणि तोंडाशी तिची एक चप्पल.

वाकून पाहिलं. आत नुसता अंधार. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग मी उडी मारली.

पाणी छातीपर्यंत होतं. पायांनी चाचपलं, मग नाक दाबून खाली बसलो आणि हातांनी तळ चाचपला. वरून मेहुणा विचारत होता, "दाजी, घावली का?"

मी मान हलवली. अंधारात ती त्याला काय दिसणार!

"कोपरं बगा, दाजी."

कोपऱ्यात हाताला काहीतरी मऊ लागलं. ते वर उचलायचा धीर होईना. उचललं. पाणी गाळायला पाइपाच्या तोंडाला बांधलेलं फडकं होतं ते. मी ते छातीशी धरून तसाच उभा राहिलो.

इतक्यात वरून सासूबाईंचा आवाज आला. "घावली, घावली. शेळीच्या खोपटात करडाला मिठी मारून झोपली व्हती."

आणि हौदाच्या तोंडातून मुक्ताचं डोकं आत डोकावलं. "बाबा, तू पाण्यात खेळतोस? मी पण येऊ?"

"धरा तिला!" तेव्हा कुठं माझा आवाज फुटला. बायकोनं तिला मागच्या मागं ओढलं.

मला शिडी लावून बाहेर काढावं लागलं. अंगणात बसून मी रडलो, आणि मला पोहता येत नाही हेही रडतारडता सांगून टाकलं. सासूबाई पदरानं माझं डोकं पुसत राहिल्या. मेहुणा तसाच वेल्डरकडं गेला आणि संध्याकाळच्या आत हौदावर कुलपाचं लोखंडी झाकण बसलं.

आता प्रश्न मी बुडी मारलेल्या पाण्याचा होता. पुढचा टँकर आठवड्यानं येणार होता.

"उकळून पिऊ की," सासूबाई म्हणाल्या. "जावई हाय, परका थोडाच हाय?"

ते पाणी सगळे आठवडाभर आनंदानं प्यायले. मी मात्र स्टँडवरून बाटल्या आणत होतो. मी किती घाण होतो, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.