दारोदारच्या बाई

शिरवण्यात कुठलंही दार दमयंतीबाईंना बंद नाही. माहेर गावातलंच. दुसरं कोणी सर्व्हेला गेलं तर लोक साखळी न काढताच बोलतात. बाईंना मात्र "ये गो दमू, च्या घे" म्हणून आत ओढतात. हीच त्यांची साडेसाती. मतदारयादी असो की लसीकरण, शिक्षण विभागाच्या ऑफिसातून साहेबांचा पहिला फोन त्यांनाच. शाळेत त्यांच्या शेजारच्या वर्गाला मी शिकवते. मला सर्व्हे धड जमत नाही, म्हणून मी वर्गात असते, एवढंच.

यंदा दुसरीतल्या प्रत्येक मुलाला मार्चपर्यंत अख्खा उतारा वाचता आला पाहिजे, असं उद्दिष्ट वरून आलं. बाईंचा जीव अडकला होता त्यांच्या वर्गातल्या रुतिकात. पहिलीत ही पोर तोंडच उघडत नव्हती. बाईंनी तिला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घेतली. ती वाचेल तेव्हा पहिलं आपणच ऐकणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

दिवाळीनंतर बाईंना पुन्हा सर्व्हेवर काढलं आणि वर्गावर कंत्राटी शिक्षिका सुमय्या आली. उरणची, तरुण, खणखणीत आवाजाची. एक दिवस बाई सहज वर्गात डोकावल्या, तर रुतिका उभी राहून धडा वाचत होती. अडखळत, पण वाचत होती. वाचून झाल्यावर ती धावत जाऊन सुमय्याला बिलगली.

"आयत्या बिळावर नागोबा!" स्टाफरूममध्ये बाईंनी डबा आपटला. "खपले मी, आणि मिठी हिला!"

"पोर वाचायला लागली, आनंद माना की," मी म्हटलं.

"मानते ना. पन जीव नुसता जळतो हाय!"

मग सुमय्याचं सगळंच त्यांना खुपायला लागलं. ती मुलांना 'बेटा' का म्हणते, इथपासून. शेवटी त्या साहेबांकडे गेल्या. "सुमय्या तरुण आहे, तिला सर्व्हेला पाठवा. माझा वर्ग मी सांभाळते."

साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी दोघींनाही सर्व्हेवर काढलं! सुमय्याला घरं माहीत नाहीत, ती दाखवायला बाई. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? त्यांची मुलं माझ्या वर्गात कोंबली, तसं माझ्या मुलांचंही वाचन थांबलं. वर उद्दिष्ट हुकलं की हेच साहेब विचारणार, शिक्षक करतात काय?

हा सर्व्हे होता शाळेत न जाणाऱ्या मुलांचा. पुढचं मला सुमय्याने सांगितलं. भरदुपारी एक दार वाजवलं, तर उघडलं रुतिकानेच.

"बेटा, शाळेत नाही गेलीस?" सुमय्याने विचारलं.

रुतिकाने आळीपाळीने दोघींकडे बघितलं. "तुमी दोगी तर इथं हाव. मंग कोनाकडं जाऊ?"

बाईंनी रुतिकाचा हात धरला आणि सुमय्याच्या हातात दिला. "हिला घेऊन तू वर्गावर जा. राहिलेली दारं मी करते. साहेबांचं मी बघून घेईन."

दोघी गल्लीच्या टोकाला पोचल्या, तेव्हा मागून बाईंची हाक आली.

"आणि ऐक गो! ही अख्खा उतारा वाचंल ना, तवा मला फोन लाव. मी येईपर्यंत तिला मिठी मारायची नाय!"