सोपानकाकांचे हात

सोपानकाका गुरव चालायचे ते दोन्ही हात पाठीमागे गुंफून. रानात, बोरीच्या बाजारात, देवळाच्या पायऱ्या चढताना, कुठेही. लहानपणी आम्ही पोरं त्यांच्या मागून तसेच हात बांधून चालायचो आणि ते वळले की पळायचो. एकदा मी पळालो नाही. विचारलं, "काका, तुमी असं कामून चालता?"

"हात लय आगाऊ असतेत, लेकरा. माणसाच्या आदी म्होरं पळतेत. दिसलं की तोडलं, दिसलं की उचललं. म्हनून ह्यायला मागं ठिवतो. आदी मी जातो, इचारतो. मंग हात येतेत."

तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, आता पाहणारही नाही. उंच, वाळलेला, कानावर पांढरे केस असलेला माणूस. देवाची पूजा करायची, घरोघर बेल पोचवायचा, लग्नाकार्याला पळसाच्या पत्रावळी लावून द्यायच्या, एवढा त्यांचा संसार. ते काही पुढारी नव्हते. त्यांच्यावर कोणी लिहिलं नसतं. मीही लिहिलं नसतं. पण एकदा लिहिलंय, आणि ते खोटं होतं. ते पत्रक आमच्या गावच्या देवळाच्या भिंतीवर चिकटलं, गावानं वाचलं, गावानं मानलं. म्हणून आता हे दुसरं लिहितो आहे. सरळ लिहितो. फुलं उधळायची मला सवय नाही.

त्यांची एक रीत होती. झाडाचं काही घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत जायचं. बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि मोठ्यानं सांगायचं. आधी आपलं नाव, मग काम, मग कधी येणार ते. "मी सोपान, लक्ष्मन गुरवाचा. पत्रावळीला पानं पायजेत. उद्या सकाळी येतो." पुटपुटलेलं चालत नसे. चोर पुटपुटतो, म्हणायचे. आणि एकदा सांगितलं की पाऊस असो, ताप असो, सकाळी गेलंच पाहिजे. झाड तुमच्यासाठी थांबलेलं असतं.

मी परभणीला शिकायला गेलो आणि चार पुस्तिका वाचून परतलो. माणूस हा निसर्गाचा मालक आहे, हे त्यातल्या एका पुस्तिकेत जाड अक्षरात होतं. मी देवळाच्या ओट्यावर बसून ते काकांना वाचून दाखवलं. ते पळसाचं पान पानाला टाचत होते.

"मालक," ते म्हणाले. "बरं. आज काय खाल्लास?"

"भाकर."

"जवारीची. काल ती जवारी रानातली व्हती. आज तू हायस. मदी कवा बदलली? कोन्या घासाला?"

"पचल्यावर."

"अन् पचायच्या आदी प्वाटात कोन बसलं व्हतं? तू का जवारी?"

ओट्यावरची माणसं हसली. मला राग आला. "काका, हा शब्दांचा खेळ झाला."

"खेळ न्हाई, बापू. तू म्हंतोस मी हितं संपतो," त्यांनी माझ्या मनगटाची कातडी चिमटीत धरली, "अन् ह्याच्या भायेर ते निसर्ग. मला ती मेर कुटं गावली न्हाई. लय धुंडलं. वारा आत जायलाय, भायेर यायलाय. पानी तसंच. मंग मी म्हंजी काय? नदीतला भवरा. दिसतो येगळा, पानी सगळं नदीचं."

मी उठून उभा राहिलो. मी सभेत बोलतो तसा बोललो, कारण तेव्हा मला दुसरं बोलताच येत नव्हतं. "मग पोलीस चौकीवरचा अमीन पण तुम्हीच? रझाकार पण तुम्हीच? सगळं एकच असेल तर जुलमाविरुद्ध उठायचं कोणी? तुमचं हे तत्त्वज्ञान निजाम सरकारला फार सोयीचं आहे, काका. आणि चौकीत पट्टा बसतो तो कोणाच्या पाठीवर बसतो? नदीच्या?"

ओट्यावर कोणी हसलं नाही. काकांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"पट्टा पाठीवरच बसतो, बापू," ते म्हणाले. "ते खोटं न्हाई."

मी जिंकलो असं समजून घरी गेलो.

मग निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या संघटनेचा निरोप आला की शिंदीची झाडं तोडायची. शिंदीच्या गुत्त्यावर, म्हणजे तिच्या दारूच्या ठेक्यावर, सरकारची तिजोरी भरते. झाड पडलं की तिजोरीचा एक दगड निखळला. आमच्या गावच्या ओढ्याला मोठं शिंदीबन होतं. गुत्तेदारानं त्यावर एक रखवालदार ठेवला होता. आम्ही पाच जण, पाच कुऱ्हाडी. बनातल्या वाटा काकांइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, झाडांसाठी रडतील. रडले नाहीत.

"तोडाया पायजे तं तोडा," ते म्हणाले. "आपलंच बोट सडलं तं आपुन कापतोच की. पन सांगून. सुगरणीची पिल्लं हायेत अजून खोप्यात. येक दिस दे. मी सांगून येतो. परवा फाटं या तुमी."

"झाडाची इजाजत?" मी म्हणालो. "अन् झाड न्हाई म्हणलं तर?"

"न्हाई कसं म्हनंल? त्याला बी सुराज पायजे आसंल," ते म्हणाले आणि तोंडभर हसले. त्यांचं ते हसणं मी शेवटचं पाहिलं.

मी एक दिवस दिला. उपकार केल्यासारखा दिला.

ठरल्या दिवशी फटफटीत उजाडायच्या सुमारास आम्ही जवारीच्या रानातून ओढ्याकडे निघालो. काठाशी पोचण्याआधीच बनात आरडाओरडा ऐकू आला. ताटांआडून वाकून पाहिलं. पोलीस. दहा-बारा असावेत. मधोमध अमीन, आणि अमीनाच्या अगदी शेजारी सोपानकाका. ताठ, शांत, दोन्ही हात पाठीमागे. जसे रोज उभे राहतात तसे.

माझ्या डोक्यात एकच शब्द उमटला. आम्ही पळालो. आमच्यातला किसन ओढ्याच्या घळीत पडला, त्याचा पाय मोडला. त्याला खांद्यावर टाकून आम्ही निजामाच्या राज्याची सरहद्द ओलांडली आणि वऱ्हाडातल्या आमच्या कॅम्पात शिरलो. किसन आजही लंगडतो.

कॅम्पात पोचल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर कागद घेतला. पत्रक लिहायला मला अर्धा तास लागला. 'घरभेद्या गुरव' हा मथळा. खाली, 'वाऱ्यापाण्याच्या गप्पा मारून ज्याने देशभक्तांचा सौदा केला, त्याच्या हातचा बेल देवाला चालेल काय?' माझी भाषा तिखट आहे असं कॅम्पात सगळे म्हणाले. मला बरं वाटलं. खाली सही नव्हती. एका माणसानं ते लपवून गावात नेलं आणि देवळाच्या भिंतीला खळीनं चिकटवलं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी गावात परतलो. वेशीवर हार होते, झेंडा होता. मी विचारलं, "तो गुरव कुठंय?" कोणीतरी म्हणालं, "मेला उन्हाळ्यात." मी म्हणालो, "बरं झालं."

हे वाक्य मी बोललो. हेही इथं राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर जाब विचारायला गेलो. गंगाकाकू, त्यांची बायको, ओसरीवर वाती वळत होत्या. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं.

"काकू, पोलिसांना कोणी सांगितलं?"

"त्यायनीच की."

मी तयारच होतो. पण काकू वाती वळता वळता पुढं बोलत राहिल्या.

"आदल्या सांजंला मी ताट घेऊन संग व्हते. तांदूळ ठिवले अन् येकेका झाडाला सांगाया लागले, मोठ्यानं. म्या म्हनलं, हळू बोला, गुत्तेदाराचा रखवालदार हाय. तं म्हनले, हळू कसं? चोरी करायलोय का? त्यानं ऐकलं, पळाला चौकीवर."

"माझं नाव सांगितलं?"

काकूंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुजं? तुजं कशाला? म्हनले, मी सोपान, लक्ष्मन गुरवाचा. कुऱ्हाड घिऊन उद्या येतो. येकल्याचंच नाव सांगितलं. म्या घरी इचारलं, तोडनार ती पोरं, अन् नाव तुमचं कामून? तं म्हनले, ज्याचं नाव सांगावं त्याला तोडायचं पाप लागतं. पोरायच्या अंगावर कशाला? अन् त्यायची कुऱ्हाड काय अन् माजी काय."

"पण पहाटे अमीनाजवळ ते..."

"सांगितलं व्हतं न्हवं झाडाला, येतो म्हनून. तुमच्या आदी गेले. धरले."

"हात मागे होते," मी म्हणालो.

"बांधलेले व्हते, बाबा," काकू म्हणाल्या. "काथ्यानं. आले तवा मनगटाला वळ व्हते."

तालुक्याच्या कोठडीत त्यांना दीड महिना ठेवलं. बाकीचे कोण, एवढाच एक सवाल. त्यांचं एकच उत्तर, मीच. ओट्यावर मी ज्याची टिंगल केली होती, तेच उत्तर. पट्टा पाठीवरच बसला. ती पाठ त्यांनी काकूंनाही दाखवली नाही. सदरा घालूनच अंघोळ करायचे. सुटून आले तेव्हा भिंतीवर माझं पत्रक होतं. गाव म्हणालं, सौदा केला म्हणूनच सुटला. बेल घेऊन निघाले तर दारं लागली. आडावर बाया घागरी बाजूला ओढायच्या. बन तर दुसऱ्या टोळीनं तोवर पाडलंच होतं, कोणालाही न सांगता.

"काकू, लोकांना सांगायचं होतं खरं काय ते."

"म्या बी म्हनलं. तं म्हनले, मी येकला न्हवतो म्हनलं की दुसरा कोन ते इचारतेल. अजून त्यायचंच राज हाय, अन् बापूची माय हितं येकली ऱ्हाती." काकूंनी पुढची वात वळायला घेतली. "ह्यायनी कागद वळखला व्हता. माज्यापशी वाचून दावला, दोनदा. म्हनले, अक्षर बेस हाय पोराचं. नीट शिकला."

त्या संध्याकाळी मी पारावर उभा राहिलो आणि सगळं गावाला सांगितलं. माणसं "अरारा" म्हणाली. एक जण म्हणाला, "आमाला काय ठाव? कागदावरच लिव्हलं व्हतं." मग ती झेंड्याकडे गेली. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण कागद माझा होता.

त्यांची माती मळ्याच्या बांधाला दिली आहे. तिथं बेल वाहावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी निघालो, तर काकू दारातून म्हणाल्या, "वाहा की. पन आज सांगून ये. त्या झाडाला तू कोन ते ठाव न्हाई." त्यांनी माझ्या मुठीत तांदूळ दिले.

ऊन उतरलं होतं. मी बेलाच्या झाडासमोर उभा राहिलो. हजार माणसांपुढे बोललेला मी. आधी नाव. ते सांगितलं, बापाचंही सांगितलं. मग काम. "तीन पानं पाहिजेत," एवढं म्हणालो. कोणासाठी, ते सांगायला हवं होतं. "ज्याला मी घरभेद्या लिहिलं, त्याच्यासाठी." हे पुटपुटल्यासारखं झालं. मला त्यांचा शब्द आठवला. मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो. पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बाया माना वर करून पाहू लागल्या. "उद्या सकाळी येतो," म्हणालो.

माघारी वळलो आणि बरंच चालून आल्यावर लक्षात आलं, माझे दोन्ही हात पाठीमागे होते. ते कोणी बांधले नव्हते.