टोचलेलं नाक

सुट्टी संपवून गावाहून, वाशीहून, येडशीच्या कॉलेजला निघालो होतो. एसटीत शेजारच्या माणसाच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं. त्याचं नुकतंच टोचलेलं नाक सुजलं होतं. तो बोटानं हळदीचं तेल लावून नाकातली चांदीची तार हळूच फिरवी, आणि लेकरू रडलं की फुंकर घाली.

एकदा दुपटं सरकलं.

"अहो, हा तर मुलगा!" मी म्हणालो.

त्यानं घाईनं दुपटं ओढलं. "हळू बोला, दादा. आधीचे दोन ल्योक गेले. मरणाला ही पोरगी वाटावी म्हणून नाक टोचलंय. भोक बुजू द्यायचं न्हाय."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. येडशीला उतरताना मात्र मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पोरगी लई गुणाची हाय तुमची."