रेषेपुढची दोन पावलं

पेनल्टी मारली जाते तेव्हा लोक चेंडूकडे बघतात, मारणाऱ्याकडे बघतात, गोलरक्षकाच्या हातांकडे बघतात. पंच कुठे उभा आहे हे कुणी बघत नाही. आमच्या शाळांच्या स्पर्धांत पंच बहुधा एकटाच असतो, म्हणून तो गोलच्या रेषेच्या टोकाशी उभा राहतो. तिथून त्याने दोनच गोष्टी बघायच्या. चेंडूने रेषा ओलांडली का, आणि चेंडूला पाय लागेपर्यंत गोलरक्षक रेषेवर होता का. त्या जागी उभं राहून 'मला दिसलं नाही' असं म्हणायला निर्ढावलेलं तोंड लागतं. ते मी एकदा म्हटलं आहे.

मी जळगावच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. चौदा वर्षांपूर्वी मुलींच्या एका स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. समोर धुळ्याचा संघ. ठरलेल्या पंचाची गाडी पारोळ्याजवळ बंद पडली. धुळ्याचे शिक्षक मला म्हणाले, "सर, तुम्हीच करा ना पंच. आमची काही हरकत नाही." त्यांना ठाऊक होतं की समोरचा संघ मीच तयार केला आहे. तरी म्हणाले.

सामना एक-एक बरोबरीत सुटला. मग पेनल्टी. आमच्या पोरींच्या पाचही मारून झाल्या होत्या, धुळ्याची शेवटची उरली होती. गोल झाला तर पुन्हा बरोबरी, नाही झाला तर आम्ही जिंकलो. मारायला एक लांब वेणीची, सडपातळ पोर आली. बूट कुणाचे तरी मागून घातलेले असावेत, कारण तिने पुढे येऊन आधी नाड्या घोट्याभोवती आवळून घेतल्या.

तिचा पाय चेंडूला लागायच्या आत आमची गोलरक्षक दोन पावलं पुढे आली. दोन, अर्धं नाही. चेंडू तिच्या गुडघ्यावर आदळून बाहेर गेला.

'पुढे ये, पुढे आलीस की मारणाऱ्याला जागा कमी दिसते,' हे मीच तिला वर्षभर घोकवलं होतं. ते चालू खेळासाठी होतं. पेनल्टीला तसं करायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे चूक तिची नव्हतीच. माझी होती, आणि ती सुधारायला शिटी माझ्याच तोंडात होती. पेनल्टी पुन्हा मारायला लावायची, एवढंच करायचं होतं. पण मंडपात मुख्याध्यापक खुर्चीतून उठले होते, ढोल सुरू झाला होता आणि आमच्या पोरी गोलरक्षकाच्या अंगावर पडल्या होत्या. मी शेवटची शिटी वाजवली.

ती पोर पळत माझ्याकडे आली. रडत नव्हती. बोट दाखवून म्हणाली, "सर, ती म्होरे उनी! रेघ आठे शे, ती आठे व्हती. तुम्ही देखं ना?" रेघ इथे, ती पुढे इथे, असं बोलता बोलता तिने पायाने ती जागासुद्धा दाखवली. तिथे आमच्या पोरीच्या बुटाचा ठसा होता.

मी म्हणालो, "मला तसं काही दिसलं नाही, बेटा. निकाल लागला."

तिच्या शिक्षकांनी तिला हाक मारली. पंचांशी वाद घालायचा नाही, म्हणाले, जा, पाया पड. ती आली, वाकली, माझ्या बुटांना हात लावून तिने तो कपाळाला लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की त्यांची धुळ्याची बस होती, पोरींना उजेडात घरी पोचायचं होतं, पुन्हा मारायला लावली असती तर उशीर झाला असता. बस होती हे खरं. पण मी शिटी बससाठी गिळली नव्हती.

या थंडीत मला एक फोन आला. बाईंचा आवाज. जवळच्याच असोद्याहून बोलत होत्या, तिथल्या शाळेत खेळ शिकवतात. गावात चार शाळांच्या मुलींची एक दिवसाची फुटबॉल स्पर्धा भरवायची आहे, सात-सात जणींचे संघ, तुम्ही पंच म्हणून याल का?

"येतो की, मॅडम."

"मॅडम नका म्हणू, सर. मी मूळची धुळ्याची. तुमच्या मैदानावर शेवटची पेनल्टी घालवली होती, आठवतंय का?"

आठवतं, म्हणालो.

"तुमचंच नाव डोक्यात आलं," ती म्हणाली. "पोरींना मी नेहमी तुमचं उदाहरण देते. आमच्या वेळी पंचांना एक गोष्ट दिसली नाही, मी वाद वाढवला नाही, पाया पडून आले. पंचाला दिसलं नाही तर दिसलं नाही, माणूस आहे. खेळ त्यावरच चालतो."

फोन ठेवून मी पटांगणाच्या कट्ट्यावर बसलो. ती विसरली असती तर बरं होतं. रागावलेली असती तरी चाललं असतं. पण तिने माझ्या खोट्यावर एक चांगली गोष्ट उभी केली होती आणि दरवर्षी नव्या पोरींना ती शिकवत होती. खरं सांगावं तर तिची ती गोष्ट मोडणार होती. न सांगावं तर त्याच पोरींसमोर शिटी गळ्यात अडकवून मी उभा राहणार होतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मोटरसायकलवर असोद्याला गेलो. मैदान केळीच्या बागेला लागून होतं. तिचे सासरे, गाव त्यांना आबा म्हणतं, बांधावर खाट टाकून बसले होते. कप शाळेचा, पण खरं बक्षीस त्यांच्याकडून होतं. त्यांच्या बागेतला सगळ्यात मोठा घड.

"सामना बरोबरीत सुटला तर काय करायचं, ते आजच ठरवू," ती म्हणाली. "मला पेनल्टी नको. एकीच्या डोक्यावर बसते ती."

"मंग चिठ्ठी टाका," आबा म्हणाले.

"आबा, दिवसभर पळायचं आणि चिठ्ठीवर हरायचं?"

मी सांगितलं की एके काळी मोठमोठ्या स्पर्धांतसुद्धा नाणं उडवून निकाल लावायचे. कुठे कुठे खेळाडूला मैदानाच्या मधून चेंडू घेऊन एकट्या गोलरक्षकावर सोडायचे. कुणी म्हणतं की पेनल्टी जादा वेळेच्या आधीच मारून घ्या, म्हणजे जो मागे पडेल तो उरलेला वेळ जीव तोडून खेळेल. आणि एक पद्धत अशी की दर तीन मिनिटांनी दोन्हीकडचा एकेक गडी बाहेर काढायचा. मैदान मोकळं होत जातं, गोल होतोच.

"आन नई झाला तं?"

"तर मग पेनल्टीच, आबा."

"मले तं तुमचं समजतच नई," आबा म्हणाले. "आमच्या दंगलीत दोन पैलवान तोडीस तोड निघाले तं कुस्ती बरोबरीत सोडता. दोघाले फेटा, दोघाले नारळ. तुमाले बरोबरीचं येवढं भेव काबरं?"

"घड एकच आहे ना तुमचा," मी म्हणालो.

"एक हाये, पन त्याले फण्या दहा हायेत! माह्या घडाची काळजी तुम्ही नका करू, मास्तर."

शेवटी गडी काढायची पद्धत ठरली, तेवढ्याने झालं नाही तर पेनल्टी. ती नाइलाजाने हो म्हणाली. मग आम्ही दोघं मैदान आखायला उतरलो. तिने सुतळीचं एक टोक धरलं, दुसरं खांबाला बांधलं, आणि मी डब्यातून पांढरी फक्की सोडत गोलची रेषा ओढू लागलो. मध्यापर्यंत आलो आणि हात थांबला.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय, सर?"

"आमची पोर दोन पावलं पुढे आली होती. तू पाय ठेवून दाखवलंस ना, अगदी तिथेच. मी बघत होतो. मला सगळं दिसलं होतं."

तिने सुतळी सोडली नाही. ताणून धरलेली होती ती तशीच धरून उभी राहिली. मग बोलली ते शिक्षिकेच्या भाषेत नव्हे.

"तुम्ही देखं व्हतं?"

"हो."

"मी तुमच्या पाया पडले, सर."

माफ कर म्हणालो. तो शब्द मैदानावर फार लहान वाटला. पंच दुसरा बघ, असंही म्हणालो.

"एका दिवसात कुठून आणू?" तिच्या आवाजाला धार आली होती. "आणि पोरींना काय सांगू? इतकी वर्षं मी त्यांना सांगतेय की पंचाला कधी कधी दिसत नाही. तुम्हाला न दिसल्याचं मला कधी दुःख नव्हतं. दिसलेलं नव्हतं म्हणून तर सोपं गेलं ते."

बांधावरून आबा ओरडले, "आखता का झोपले रे तिकडं?"

"रेघ पुरी करा, सर," ती म्हणाली. केली. दोघांनी मिळून दुसऱ्या बाजूचीही केली. सुतळी गुंडाळताना तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पंच तुम्हीच. पण पेनल्टी झाल्या तर रेषेवर मी झेंडा घेऊन उभी राहीन. आणि उद्या पोरींना जे काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

रात्रभर वाक्यं जुळवली होती. सकाळी चार संघ समोर मातीत बसले तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. सरळ सांगितलं. एका सामन्यात मला दिसलं होतं, मी दिसलं नाही म्हणालो, आणि एक पोर त्यामुळे हरली. आज माझं काही चुकतंय असं वाटलं तर कर्णधाराने एकदा येऊन विचारावं. खरं तेच उत्तर मिळेल.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढे बसलेल्या एकीने विचारलं, "मग त्या ताईनं काय केलं, सर?"

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "पाया पडली त्यांच्या. आता पडणार नाही. चला उठा, दोन चकरा मारा मैदानाला."

कुणाला कळलं, कुणाला नाही. ज्यांना कळलं त्या पळता पळता वळून आमच्याकडे बघत होत्या.

दुपारी अंतिम सामन्यात असोद्याच्याच पोरी आल्या, समोर चाळीसगावच्या. गोल नाही. मग तीन तीन मिनिटांनी एकेक जण बाहेर. सातच्या सहा झाल्या, सहाच्या पाच. बाहेर आलेल्या दोन्हीकडच्या पोरी एकाच सावलीत बसून एकाच बाटलीतलं पाणी पिऊ लागल्या आणि उरलेल्यांना मिळून ओरडू लागल्या. शेवटी चारास चार उरल्या. मैदान एवढं मोकळं की चेंडूमागे पळता पळता सगळ्या कमरेवर हात ठेवून थांबायच्या. तरी गोल होईना. आबा खाटेवरून म्हणाले, "आता मलेच काढा बाहेर!"

पेनल्टी आल्या. ती झेंडा घेऊन रेषेच्या टोकाशी गेली, मी मारणारीच्या बाजूला. चाळीसगावची शेवटची राहिली. हिशेब तोच, गोल झाला तर बरोबरी. पोर धावली, मारली, असोद्याच्या गोलरक्षकाने ती झेप घेऊन अडवली. गाव नाचत मैदानात शिरलं. मी खरंच चेंडूकडे बघत होतो. गोलरक्षकाचे पाय मला दिसले नाहीत.

झेंडा वर होता. खांद्याच्या वर, सरळ.

मी शिटी वाजवली. पेनल्टी पुन्हा मारायची.

मैदानात एकच गलका. असोद्याची गोलरक्षक तिच्या अंगावर धावून गेली. "बाई, तुम्ही आपल्या शाळेच्या ना?"

"शाळेची आहे. पण आत्ता रेघेवर आहे. तू पाऊलभर पुढे होतीस. विचारायचं असेल तर एकदा नीट विचार."

पोरीने खाली रेषेकडे पाहिलं. फक्की तिच्या बुटाने पुढे ओढली गेली होती. "होते का मी?"

"होतीस."

ती मागे गेली आणि रेषेवर उभी राहिली. चाळीसगावच्या पोरीने पुन्हा मारली. चेंडू गोलच्या दांडीवरून उंच गेला आणि केळीच्या बागेत पडला. मग ती पोर स्वतःच हसायला लागली. "आता नाही विचारत, सर," म्हणाली.

आबांनी विळ्याने घडाच्या फण्या केल्या, पाच इकडे, पाच तिकडे. "कप तेवढा ह्यांचा," असोद्याच्या पोरींकडे बोट दाखवून म्हणाले. कुणी तक्रार केली नाही.

सवयीने पोरी रांगेने पाया पडायला आल्या. मी पाय मागे घेतले आणि हात पुढे केला. पहिली गोंधळली, मग तिने हात मिळवला, मग सगळ्यांनी. कुणाचे हात घामाचे, कुणाचे फक्कीने पांढरे. रांग संपली तशी ती आली. तिनेही हात पुढे केला. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

"तुम्हाला पाय दिसले नाहीत ना मघाशी?" तिने विचारलं.

"नाही दिसले. खरंच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, चौदा वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच. मग मान हलवली.

"पुढच्या वेळी झेंडा तुम्ही धरा," ती म्हणाली. "शिटी मी वाजवते."